ग्रहांचे छायाचित्रण आणि दुर्बिणीची मांडणी

गुरू पृथ्वीच्या अगदी निकट आलेला असतो तेव्हासुद्धा त्याचे बिंब आकाशात सुमारे ५० विकलांहून अधिक जागा व्यापीत नाही. म्हणजे एक रुपयाचे नाणे नव्वद मीटरांवर धरले असता जेवढे दिसेल तेवढाच हा ग्रहराज आपल्या वाट्यास येतो, आणि त्या नाण्यावरील अक्षरे व अंक स्पष्ट वाचता यावेत अशी मागणी ग्रहांची छायाचित्रे घेऊ पाहणारा हौशी निरीक्षक आपल्या दुर्बिणीकडे करीत असतो. शनीचे गोलक २० विकलांच्या आसपासचे. त्याच्या कड्यांना दुभागणारी कॅसिनीची फट प्रत्यक्षात साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक रुंद, पण येथून पाहता जेमतेम पाऊण विकलेची. मंगळ तर सर्वोत्तम प्रतियुतीतही २५ विकलांच्या घरातच राहतो आणि पुष्कळदा १४-१५ विकलांवर समाधान मानावयास लावतो. इतक्या सूक्ष्म बिंबाचे रेखीव चित्र शहरातील घराच्या गच्चीवरून घेता येते, असे चाळीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते तर जाणकारांनीही ते मान्य केले नसते. आज ती नित्याची गोष्ट झाली आहे. परंतु ती ज्यांना साधते आणि ज्यांना साधत नाही त्यांच्यामधील तफावत कशामुळे पडते, हा प्रश्न पुष्कळांच्या मनात अद्याप अनिर्णित आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा यंत्रांच्या किमतीत शोधले जाते. पुण्यातील एका गच्चीवर काढलेल्या बऱ्याच हिवाळ्यांच्या अनुभवाने प्रस्तुत लेखकाचे मत निराळे बनले आहे. चित्राचे भवितव्य कॅमेरा सुरू होण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत ठरते: दुर्बीण कोठे ठेवली, ती केव्हा बाहेर काढली, तिचे आरसे एकमेकांशी कसे जुळविले आणि तिच्या भोवतालच्या हवेचा बंदोबस्त काय केला, यांवर.

हवेविषयीची तक्रार जुनी आहे. न्यूटनने सन १७०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रकाशविषयक ग्रंथात असे नमूद करून ठेवले आहे की, दुर्बिणी कितीही निर्दोष घडविल्या तरी ज्या हवेतून आपण तारे पाहतो ती अखंड कंप पावत असल्यामुळे त्यांना एक मर्यादा राहणारच, आणि तीवर उपाय उंच पर्वतशिखरांवरील निवांत हवेचाच. मंगळावरील कालव्यांचा दीर्घकाळ चाललेला वाद हा मुळात याच कंपाचा परिणाम होता. सन १९०९ च्या सप्टेंबरात पॅरिसजवळील मदों येथील ८३ सेंटिमीटरांच्या दुर्बिणीतून अँतोनियादी मंगळ पाहत असता हवा क्वचितच लाभते इतकी निश्चल झाली, आणि लोवेलप्रभृती निरीक्षकांनी कालवे म्हणून काढलेल्या सरळ रेषांच्या जागी त्यांना वेड्यावाकड्या, तुटक छटांचे जाळे दिसले. हवेचे स्थैर्य एक ते पाच अशा पाच प्रतींत मांडण्याचा जो शिरस्ता निरीक्षकांत आजही चालू आहे तो याच अँतोनियादींच्या नावाने ओळखला जातो. डोळ्याला असा निश्चल क्षण टिपता येई, पण तो कागदावर उतरविताना निरीक्षकाच्या मनाची भेसळ त्यात होई. छायाचित्राच्या काचेला भेसळ ठाऊक नव्हती, पण ग्रहाच्या मंद प्रकाशाने तिच्यावर ठसा उमटेपर्यंत तो क्षण केव्हाच निघून गेलेला असे.

ही कोंडी फुटली ती एकविसाव्या शतकाच्या आरंभास, आणि तीही अगदी सामान्य साधनाने. संगणकावरून एकमेकांशी बोलताना चेहरा दिसावा म्हणून विकला जाणारा लहानसा वेबकॅम काही हौशी निरीक्षकांनी नेत्रिकेच्या जागी बसविला, त्यातून एका चित्राऐवजी शेकडो चौकटींची चित्रफीत घेतली, आणि तीमधील निवडक चौकटी एकमेकींवर रचून त्यांचे एक चित्र केले. रेजिस्टॅक्स आणि पुढे ऑटोस्टॅकर्ट या संगणकप्रणालींनी ही निवड व रचना कोणाही गृहस्थाच्या आवाक्यात आणली. यामागील गणित मात्र त्याआधीच, सन १९७८ मध्ये, डेव्हिड फ्रीड या अमेरिकन शास्त्रज्ञाने मांडून ठेवले होते. हवेच्या कंपाने प्रकाशलहरीची मोडतोड होते, तिच्यात जेवढ्या रुंदीचा तुकडा जवळजवळ अभंग राहतो ती रुंदी आता फ्रीड यांच्याच नावाने ओळखली जाते. मध्यम प्रतीच्या रात्री ती सुमारे पाच सेंटिमीटर असते. दुर्बिणीचा व्यास या रुंदीच्या चौपट, म्हणजे २० सेंटिमीटर असेल, तर साधारणतः तीन क्षणिक चौकटींपैकी एक चांगली निघते. तोच व्यास सातपट, म्हणजे ३५ सेंटिमीटर असेल, तर हजारांत तीन. बारा हजार चौकटींच्या फितीत पहिल्या दुर्बिणीच्या पदरी चार हजार चौकटी पडतात, तर दुसरीच्या पस्तीस-छत्तीस.

मोठी दुर्बीण घेऊ नये असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्या छत्तीस चौकटींत जो तपशील असतो तो लहान दुर्बिणीच्या चार हजारांत शोधूनही सापडणार नाही, कारण विभेदनाची अंतिम मर्यादा व्यासावरच अवलंबून असते. २० सेंटिमीटरांस ती ०.५८ विकला आणि ३५ सेंटिमीटरांस ०.३३ विकला इतकी पडते. परंतु व्यास वाढला की हवेविषयीची गरजही वाढते, आणि जो मनुष्य हवेचा विचार न करता केवळ व्यास विकत घेतो त्याची दुर्बीण वर्षातील बहुतेक रात्री अर्ध्या योग्यतेनेच काम करते. सामान्य साधकाने आरंभास १५ ते २० सेंटिमीटरांची दुर्बीण घ्यावी, असे जे अनुभवी मंडळी सांगतात, त्यामागे काटकसरीपेक्षा हा हिशेब अधिक आहे.

हवेचा विचार करू लागले की प्रथम स्थळाचा विचार येतो, आणि येथे महाराष्ट्राच्या वाट्यास एक वरदान व एक संकट अशी दोन्ही आलेली आहेत. ग्रह क्रांतिवृत्ताच्या आसपासच फिरत असल्यामुळे आपल्या अक्षांशावर ते याम्योत्तरावर येताना चांगलेच उंच चढतात. सन २०१८ च्या जुलैमधील प्रतियुतीत मंगळ दक्षिणेकडे सुमारे साडेपंचवीस अंश क्रांतीवर होता. लंडनच्या निरीक्षकास तो क्षितिजापासून १३ अंश एवढाच वर मिळाला, तर पुण्यास ४६ अंश. सन २०२६ च्या जानेवारीत मिथुन राशीतील गुरू पुण्याच्या खस्वस्तिकापासून चार अंशांच्या आतून गेला. ग्रह जितका खाली तितका हवेचा थर जाड, आणि कंपही तितकाच अधिक. म्हणूनच इंग्लंडमधील डॅमियन पीच यांच्यासारखे निष्णात छायाचित्रकार दुर्बीण घेऊन बार्बाडोससारख्या उष्ण कटिबंधातील बेटांवर मुक्काम करीत आले. जे स्थळ त्यांनी समुद्र ओलांडून गाठले त्याच्या तोडीचे आकाश आपल्याला जिना चढून मिळते. संकट पर्जन्यकाळाचे. मंगळाच्या सर्वांत निकटच्या प्रतियुती जुलै ते सप्टेंबर या महिन्यांतच येतात, कारण पृथ्वी त्याच सुमारास मंगळाच्या उपसूर्यबिंदूच्या दिशेस असते; सन २००३ ची ऑगस्टात आली, २०१८ ची जुलैत, आणि येणारी २०३५ ची सप्टेंबरात आहे. पिढीतून दोन-तीनदा येणारे हे योग महाराष्ट्राच्या ढगांखाली जातात, याची खंत येथील प्रत्येक ग्रहनिरीक्षकास आहे.

शहरातील दिव्यांच्या उजेडाची मात्र चिंता करण्याचे कारण नाही. तेजोमेघांच्या छायाचित्रणाला जो उजेड मारक ठरतो तो ग्रहांना बाधत नाही, कारण ग्रह स्वतःच पुरेसे तेजस्वी असतात. मुंबईतील सहाव्या मजल्यावरील गच्ची गुरूसाठी एखाद्या निर्मनुष्य माळरानाइतकीच योग्य असू शकते, किंबहुना समुद्रावरून सलग वाहणारी वाऱ्याची झुळूक तिच्यावरून जात असेल तर माळरानाहूनही अधिक. खरा शत्रू आहे तो दिवसभर तापलेला सिमेंटचा पृष्ठभाग. गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडीत राहतो, आणि ती उष्ण हवा दुर्बिणीच्या तोंडासमोरूनच वर चढते. सूर्यास्तापूर्वी चार बादल्या पाणी शिंपडले आणि उभे राहण्याच्या जागी गोणपाट अंथरले तर बराच फरक पडतो. अंगणातील गवत मिळाल्यास ते या दोहोंपेक्षा बरे. शेजारचा पत्रा, वातानुकूलन यंत्राची बाहेरची पेटी, बेकरीचे धुराडे, यांच्या डोक्यावरून ग्रह पाहावा लागू नये अशी जागा दिवसाच हेरून ठेवावी. हिवाळ्यात उत्तर भारतावर ठाण मांडून असणारा उच्च वातावरणातील जेट प्रवाह जेव्हा दक्षिणेकडे झुकतो, तेव्हा खालची हवा कितीही शांत असली तरी बिंब उकळत्या पाण्याखाली ठेवल्यासारखे दिसते, आणि त्या रात्री दुर्बीण झाकून निजणे हेच शहाणपणाचे.

दुर्बिणींच्या प्रकारांविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. भिंगांची प्रणमनी दुर्बीण लवकर निवते आणि जुळणीचा त्रास देत नाही, पण तिचा व्यास वाढला की किंमत अवाच्या सवा वाढते. श्मिट-कॅसग्रेन व माक्सुटोव या आरसा-भिंगाच्या संयुक्त दुर्बिणी आखूड व सुटसुटीत असतात. त्यांतील हवा मात्र बंद नळीत कोंडलेली राहते. न्यूटनी परावर्ती दुर्बीण सर्वांत स्वस्त, सर्वांत सोपी आणि दुरुस्तीस सर्वांत मोकळी. पुण्याला परावर्ती दुर्बिणीची ओळख नवीन नाही. सन १८८८ मध्ये कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून येथे उभारलेल्या वेधशाळेत ग्रब यांच्या कारखान्यातील २० इंची परावर्ती दुर्बीण होती, जी सन १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाल्यावर कोडाईकनालला गेली. सन १९४४ पासून कार्यरत असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि पुढील काळात आयुका येथील विज्ञान शोधिकेने भरविलेल्या आरसे घासण्याच्या कार्यशाळा यांच्यामुळे, स्वतःच्या हातांनी आरसा घडविणारी आणि दाढीच्या पात्याने फूकोची कसोटी घेणारी मंडळी या शहरात निर्माण झाली. ज्याने आरसा स्वतः घासला आहे त्याला त्याच्या उष्णतेचे आणि जुळणीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

आता उष्णतेकडे वळू, कारण सर्वाधिक चित्रे येथेच बिघडतात आणि दोष मात्र आकाशाच्या माथी मारला जातो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत दुपारी पारा तिसाच्या आसपास असतो आणि पहाटे दहा-बारापर्यंत उतरतो. घरात ठेवलेली दुर्बीण रात्री नऊला बाहेर काढली तर तिच्या आरशाची जाड काच अद्याप दुपारच्या अमलाखाली असते, आणि भोवतालची हवा तासागणिक थंड होत चाललेली. काच हवेचा पाठलाग करते, पण तिला गाठू शकत नाही. आरशाच्या पृष्ठभागालगत उबदार हवेचा एक पातळ थर तयार होतो, त्याचे पुंजके सुटून नळीतून वर चढतात, आणि या पुंजक्यांमधून प्रकाशकिरणांना दोनदा जावे लागते, एकदा आरशाकडे जाताना आणि पुन्हा परतताना. यावर उपाय साधा आहे. सूर्य मावळताच, ग्रह उगवण्याची वाट न पाहता, दुर्बीण बाहेर सावलीत ठेवावी. आरशाच्या पाठीमागे संगणकातला बारा व्होल्टचा लहान पंखा बसवून तो संथ गतीने चालू द्यावा. आरशाच्या मागे लाकडी फळी असेल तर हवा खेळती राहील अशी भोके तीत पाडावीत. संयुक्त दुर्बिणींच्या बाबतीत काहींनी उलट मार्ग पत्करला आहे: नळीभोवती उष्णतारोधक आवरण गुंडाळून ते आतील हवेला एकाएकी थंड होऊच देत नाहीत, म्हणजे आत प्रवाह उठत नाहीत. दोन्ही मार्ग परस्परविरुद्ध दिसले तरी दोहोंचे तत्त्व एकच, की नळीच्या आत उष्ण व थंड हवेची सरमिसळ होऊ नये.

दुर्बीण निवली की नाही हे घड्याळावरून ठरवू नये, ताऱ्यावरून ठरवावे. एखादा तेजस्वी तारा मध्यभागी आणून केंद्रीकरण जाणूनबुजून किंचित बिघडवावे, म्हणजे ताऱ्याच्या जागी एकात एक गुंफलेल्या वर्तुळांची तबकडी दिसू लागते आणि मधोमध दुय्यम आरशाची काळी सावली. हवा बाहेरची असेल तर ही वर्तुळे सर्व बाजूंनी भरभर थरथरतात. उष्णता आपल्याच नळीतली असेल तर निराळेच दृश्य दिसते: तबकडीच्या एका कडेपासून उदबत्तीच्या धुरासारखी एक संथ, जाडसर शिखा निघते आणि वळसे घेत दुसऱ्या कडेकडे सरकते. मी हात नळीच्या तोंडाशी धरला की तळहाताच्या उबेचीही अशीच शिखा उठताना दिसते, इतके हे तबक संवेदनशील असते. ही संथ शिखा नाहीशी होईपर्यंत एकही चौकट टिपणे व्यर्थ आहे. दोन हिवाळे मी ज्या रात्रींना वाईट हवेच्या रात्री म्हणून वहीत नोंदविले, त्यांतील पुष्कळशा केवळ न निवलेल्या आरशाच्या रात्री होत्या, हे मला अशा एका ताऱ्याने शिकविले.

आरशांच्या जुळणीलाही तेवढाच मान द्यावयास हवा. जुळणी म्हणजे प्राथमिक आरसा, तिरपा दुय्यम आरसा आणि नेत्रिकेची नळी यांचे अक्ष एका ओळीत आणणे; हौशी मंडळी तिला कॉलिमेशन म्हणतात. न्यूटनी दुर्बिणीत अक्षाच्या आजूबाजूचे फारच लहान क्षेत्र पूर्णपणे निर्दोष असते. केंद्रांतर व्यासाच्या पाचपट असेल तर या क्षेत्राचा व्यास पावणेतीन मिलिमीटरांच्या आसपास, सहापट असेल तर पावणेपाच, आणि आठपट असेल तर अकरा मिलिमीटरांहून थोडा अधिक. जुळणी चुकली की हे क्षेत्र कॅमेऱ्याच्या बाहेर सरकते, आणि ग्रहाची प्रतिमा एका बाजूस शेपूट फुटल्यासारखी फिकट होते, जिला कोणतीही संगणकप्रणाली सावरू शकत नाही. कामाचा क्रम असा: प्रथम दुय्यम आरसा नळीतून पाहता गोल व मध्यावर दिसेल असा बसवावा, मग चेशायर नावाच्या साध्या नळकांड्यातून प्राथमिक आरशाच्या मध्यखुणेवर वर्तुळ आणावे, आणि शेवटचा निर्णय ताऱ्यावर सोडावा. त्यातही एक बारकावा आहे. दुर्बीण आडवी असताना केलेली जुळणी ती उभी केल्यावर टिकत नाही, कारण आरसा आपल्या आधारांवर थोडासा सरकतो. म्हणून ग्रह ज्या उंचीवर असेल त्याच उंचीवरचा तारा निवडावा.

येथे एक प्रसंग सांगणे अप्रस्तुत होणार नाही. जुळणीसाठी मी एका दुकानातून लेसरचे साधन आणले होते, आणि त्याने दाखविलेल्या तांबड्या ठिपक्यावर विसंबून सबंध हंगाम काढला. गुरूचे पट्टे दिसत, पण त्यांच्या कडा कधी सुटत नसत. शेवटी एका ज्येष्ठ स्नेह्यांच्या सूचनेवरून फळीवर समोरासमोर खिळ्यांच्या दोन जोड्या ठोकून त्यांच्या खाचेत ते लेसर आडवे ठेवले आणि हलकेच गोल फिरविले. समोरच्या भिंतीवर ठिपका स्थिर राहण्याऐवजी त्याने बांगडीएवढे वर्तुळ काढले. साधनच आपल्या नळीत तिरपे बसविलेले होते. त्याच रात्री माझी भाची दुर्बिणीच्या मागच्या टोकाशी स्क्रू धरून बसली आणि मी नेत्रिकेतून पाहत राहिलो. “मामा, पाव आटा उजवीकडे फिरवला, बघा आता,” असे ती म्हणे, आणि मी तारा पुन्हा मध्यावर आणून वर्तुळे निरखी. अर्ध्या तासात काळी सावली बरोबर मध्यभागी आली. मग गुरूकडे वळलो तेव्हा विषुववृत्तीय पट्ट्याच्या काठाशी लोंबणारे निळसर तंतू मी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या दुर्बिणीतून पाहिले. नवे असे काहीही विकत घेतले नव्हते.

दुर्बिणीच्या बैठकीचा प्रश्न याहून हलका आहे. ग्रहांसाठी चौकटी क्षणार्धाच्या असल्याने ध्रुवाक्ष अंशभर चुकला तरी चालतो. तरी आपल्या अक्षांशाची एक अडचण येथेही आहे: ध्रुवतारा पुण्यास क्षितिजापासून अठरा-एकोणीस अंशांवरच असल्यामुळे तो धुरकट हवेत किंवा शेजारच्या इमारतीमागे लपतो, आणि युरोप-अमेरिकेच्या अक्षांशांसाठी रचलेल्या काही विषुववृत्तीय बैठकी इतक्या आडव्या केल्या की त्यांच्या वजनाचा दांडा तिकाटण्याच्या पायावर आपटतो. उत्तर-दक्षिण दिशा गच्चीच्या कठड्यावर एकदाच खडूने आखून ठेवली की निम्मे काम होते. ज्यांच्याजवळ यंत्रचलित बैठक नाही त्यांनीही निराश होऊ नये. हाताने ढकलावयाच्या डॉबसोनियन दुर्बिणीतून गुरू सेकंदास १५ विकला या वेगाने सरकतो, आणि ६४० पिक्सेलांच्या चौकटीत तो आठ सेकंदांहून थोडा अधिक काळ राहतो. असे दहा-बारा फेरे टिपून नंतर संगणकाकडून बिंब मध्यावर आणविता येते. मात्र गुरू ऐन डोक्यावर असेल तर डॉबसोनियन वळविणे कठीण जाते, तेव्हा तो थोडा कलेपर्यंत थांबावे.

कॅमेऱ्याच्या निवडीत पिक्सेलच्या आकाराशी केंद्रांतराचा मेळ घालणे ही मुख्य गोष्ट. पिक्सेल जितक्या मायक्रॉनचा, त्याच्या सुमारे पाचपट एफ-अंक असावा, असा व्यवहारातला ठोकताळा आहे. हवा चांगली असल्यास थोडा अधिक, वाईट असल्यास कमी. उदाहरणार्थ, २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलास एफ १४-१५. २० सेंटिमीटर व्यासाच्या, १,२०० मिलिमीटर केंद्रांतराच्या न्यूटनी दुर्बिणीस अडीचपट वाढविणारे बार्लो भिंग लावले की केंद्रांतर ३,००० मिलिमीटर होते, प्रत्येक पिक्सेल ०.२ विकला झाकतो, आणि ४५ विकलांचा गुरू चौकटीत सव्वादोनशे पिक्सेलांचा दिसतो. नवशिक्यांना तो लहान वाटतो आणि ते बार्लोवर बार्लो चढवितात. परंतु त्याने तपशील तिळमात्र वाढत नाही, प्रकाश मात्र विरळ होतो, चौकटीचा काळ वाढतो आणि हवेला आपले काम करण्यास अवधी मिळतो. ग्रह साठ अंशांच्या खाली असला की हवा त्रिकोणी लोलकासारखी वागते आणि बिंबाला एका बाजूस निळी व दुसऱ्या बाजूस तांबडी किनार देते. ४५ अंशांवर हे अपस्करण सुमारे एक विकलेचे, म्हणजे दुर्बिणीच्या विभेदनाहून जास्त असते. दोन पातळ लोलकांचा अपस्करण-सुधारक कॅमेऱ्यापुढे लावून ते निस्तरता येते. अवरक्त प्रकाशाची गाळणी, विशेषतः ६८५ नॅनोमीटरपलीकडील, अस्थिर रात्रींत फार उपयोगी पडते, कारण लांब लहरींना हवा कमी त्रास देते. मंगळावर तिचे गुण विशेष दिसतात.

प्रत्यक्ष टिपण्याच्या वेळी घाई आणि लोभ दोन्ही आवरावे लागतात. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे बिंबाच्या मध्यावरील खूण दर मिनिटास सुमारे पाव विकला सरकते. २० सेंटिमीटरांच्या दुर्बिणीने दोन मिनिटांहून लांब फीत घेतल्यास ग्रहाचे स्वतःचे भ्रमणच चित्र पुसू लागते. विनजूपॉस ही प्रणाली हे भ्रमण हिशेबात घेऊन अनेक फितींचा मेळ घालते, आणि शनी व मंगळ याबाबत पुष्कळ मुभा देतात. सेकंदास शंभर चौकटी या वेगाने दोन मिनिटांत बारा हजार चौकटी आणि पावणेचार गिगाबाइट साठा होतो. त्यांतील निवडक १,६०० चौकटी रचल्या की चित्रातील कण चाळीसपट कमी होतात, आणि मगच त्यावर धार चढविता येते. ही धार चढविणे हेच मोठे मोहाचे स्थान आहे. अतिरेकाने काढलेल्या रेषा, कड्यांभोवतीची काळी वलये, पट्ट्यांतील खोट्या गाठी, या सर्व गोष्टी खऱ्या तपशिलाच्या वेषात येतात, आणि लोवेलचे कालवे संगणकातून पुन्हा जन्मास येतात. एकाच रात्रीच्या दोन स्वतंत्र फितींत जे सारखे दिसेल तेवढेच खरे धरावे.

या खटाटोपाचा उपयोग केवळ भिंतीवर लावण्याचे चित्र मिळविणे एवढाच नाही. सन २००६ च्या फेब्रुवारीत फिलिपीन्समधील सेबू या दमट, समुद्रसपाटीवरील शहरातून क्रिस्टोफर गो यांनी २८ सेंटिमीटरांच्या दुर्बिणीने गुरूवरील एका पांढऱ्या अंडाकृती वादळाचा रंग तांबडा झाल्याचे प्रथम दाखविले. सन २००९ च्या १९ जुलै रोजी ऑस्ट्रेलियातील मरमबेटमन येथून अँथनी वेस्ली यांनी ३७ सेंटिमीटरांच्या न्यूटनी दुर्बिणीने गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ आघाताचा काळा डाग टिपला, आणि त्यांच्या वार्तेवरून हवाईतील मोठ्या दुर्बिणी त्या दिशेस वळल्या. सन २०१० च्या ३ जून रोजी या दोघांनीही, एकमेकांपासून हजारो किलोमीटरांवरून, गुरूवर पडलेल्या एकाच लहान वस्तूचा क्षणिक प्रकाश आपापल्या फितीत पकडला. तो एक-दोन सेकंदांचाच होता, आणि दोन ठिकाणांहून मिळाला म्हणूनच शंकेस जागा उरली नाही. गुरू ऑस्ट्रेलिया-फिलिपीन्सच्या आकाशातून पश्चिमेकडे कलतो तेव्हा तो आपल्या माथ्यावर असतो, आणि युरोपात त्या वेळी तो नुकताच वर येऊ लागलेला असतो. या मधल्या तासांचा पहारा आपल्या रेखांशांवरून होणे स्वाभाविक आहे. त्यासाठी संगणकाचे घड्याळ रोज मिळवून घ्यावे, प्रत्येक फितीवर जागतिक वेळ, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून, नोंदवावी, आणि चित्र तयार झाले म्हणून मूळ फीत लगेच पुसून टाकू नये. अशा क्षणिक प्रकाशासाठी फिती चाळून देणारी डिटेक्ट नावाची प्रणाली उपलब्ध आहे. मागील हंगामांच्या माझ्या फिती मी तिच्यातून एकेक करून घालीत आहे. अद्याप काही आढळलेले नाही, आणि जवळजवळ निम्म्या फिती तपासावयाच्या उरल्या आहेत.